बोरीची राख, बॅरनचा धूर

जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडी नदीने आपल्याच जुन्या गाळात खोल पात्र कोरले आहे. काठाच्या दरडीत तपकिरी मातीच्या मधोमध एक राखाडी-पांढुरका पट्टा दिसतो. त्यातले ढेकूळ उचलले तर हाताला हलके लागते, दाबले की भुगा होतो आणि तो भुगा बोटांत चोळला की बारीकशी कचकच जाणवते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कचकचीचे कारण कळते. हे मातीचे कण नाहीतच. काचेच्या कपच्या आहेत. काही वक्र, काही बेचकीसारख्या तीन फाट्यांच्या. फेसाळून वर आलेला शिलारस हवेत फुटला तेव्हा त्यातल्या बुडबुड्यांच्या भिंतींचे जे तुकडे झाले, ते हे. ज्या ज्वालामुखीतून ते उडाले तो सुमात्रा बेटावर आहे, बोरीपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर. त्याचे नाव तोबा. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी तो फुटला आणि उद्रेकानंतर जमीन खचून जो खड्डा पडला, त्यात आज १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद असे तळे पसरले आहे.

आपल्याकडे ज्वालामुखी म्हटले की लोक सह्याद्रीकडे बोट दाखवतात, आणि त्यात काही चुकीचे नाही. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी या डोंगरांतली लेणी कोरली गेली ती थरावर थर साचलेल्या बेसॉल्टमध्ये, आणि हा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा. विहीर खणणाऱ्याला तो पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच कुठे तांबडा गेरूचा पट्टा. पण तो विस्तव केव्हाच विझला. बोरीचा पट्टा त्या कुळातला नव्हे. बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असते. बोरीच्या काचेत ती साधारण तीन चतुर्थांश भरते. सिलिका वाढली की शिलारस घट्ट होतो, त्यात वायू कोंडून राहतात आणि अखेर तो वाहण्याऐवजी फुटतो.

या पट्ट्याचे वय ठरवण्यासाठी अभ्यासकांना किती खस्ता खाव्या लागल्या, ते सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना ज्या पुस्तकाची, त्याचा मुद्दा लक्षात येणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या मंडळींनी, म्हणजे स. ना. राजगुरू, रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८०च्या दशकात बोरीचा कसून अभ्यास केला. तिथे अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडत होत्या, त्यामुळे राखेचे वय कळले की माणसाचे वय कळेल अशी आशा होती. पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने वय आले सुमारे १४ लाख वर्षे. १९९५ साली दुसऱ्या मापनाने ते ६.७ लाखांवर आणले. त्याच वर्षी काचेचे रसायन तपासणाऱ्या दुसऱ्या गटाने सांगितले, की ही तर तोबाची सर्वांत अलीकडची राख, जेमतेम ७५ हजार वर्षांची. १९९८ साली त्याच दिशेचा आणखी एक शोधनिबंध आला. २०१४ साली काचेची एकेक कपची वेगळी तपासून तोच निष्कर्ष पुन्हा मांडला गेला. जुन्या वयाचा पक्ष घेणारेही मधूनमधून आपले म्हणणे मांडत राहिले. इतका फरक पडला कसा? राख नदीने वाहून आणून इथे साठवली आहे. वाटेत तिच्यात बेसॉल्टचे अतिप्राचीन कण मिसळतात. असे थोडे कण जरी नमुन्यात शिरले तरी घड्याळ लाखो वर्षे मागे जाते. मला स्वतःला काचेच्या रसायनाचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. पण हातकुऱ्हाडींचा थर आणि राखेचा थर यांचे नाते काय, हा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तोबाच्या राखेने अशी खूण पुष्कळ ठिकाणी ठेवली आहे. मोरगावला कऱ्हेच्या काठी, मध्य प्रदेशात शोण नदीच्या खोऱ्यात, आंध्रात पूर्वीच्या कर्नूल, आताच्या नंद्याल जिल्ह्यातल्या ज्वालापुरमला. ज्वालापुरमला तर गावकरी ही राख धुण्याच्या पावडरीसाठी खणून नेत होते आणि त्या खाणींतच पुरातत्त्वज्ञांना राखेच्या खाली आणि वर दोन्हीकडे दगडी हत्यारे मिळाली.

म्हणजे मोठा उद्रेक आपली नोंद आपणच ठेवून जातो. साक्षीदार नसला, दप्तर नसले तरी दरडीत पट्टा राहतो. तो वाचायला पाव शतक भांडावे लागले, पण वाचायला तो आहे. लहान उद्रेकाचे तसे नाही. विवरातून पाचदहा मिनिटे राखेचा लोट उठतो, थोडे तापलेले दगड उडून उतारावर पडतात, राख समुद्रात जाते, आणि उतारावर जी उरते ती पहिल्या पावसाळ्यात धुऊन निघते. त्या क्षणी कोणी पाहिले नाही, मोजले नाही, लिहिले नाही, तर तो उद्रेक झालाच नाही असे समजायला हरकत नाही. हे पुस्तक अशाच उद्रेकांच्या टेहळणीविषयी आहे, आणि त्याचा नायक आहे आपल्या देशातला एकमेव जागता ज्वालामुखी, अंदमानातले बॅरन बेट.

पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून, ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर हे बेट आहे. रुंदी अवघी तीन किलोमीटर. समुद्रावर दिसणारी उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास. पण पाया समुद्रतळाशी, दोन हजार मीटरहून अधिक खोल. पाण्यावर दिसते ते फक्त माथ्याचे टोक. मधे जुन्या ज्वालामुखीचे कोसळलेले कडे, ते पश्चिमेला फुटलेले, आणि त्या कड्यात उभा असलेला नवा शंकू. मनुष्यवस्ती नाही. शेळ्या आहेत, कधीकाळी माणसांनी सोडलेल्या, आणि त्यांचे तिथे कसे भागते हा विषय स्वतंत्र प्रकरणाच्या लायकीचा होता. लेखकांनी तो दोन परिच्छेदांत उरकला याची मला चुटपुट लागली. इथला लाव्हा प्रामुख्याने बेसॉल्ट जातीचा, म्हणजे जातीने आपल्या सह्याद्रीच्या जवळचा आणि तोबापासून लांबचा. मुंबई आयआयटीतले हेतू शेठ यांच्यासारखा दख्खनच्या लाव्हाचा अभ्यासक बॅरनच्या उद्रेकांवरही लिहितो, त्यात म्हणूनच आश्चर्य नाही. जे इथे कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाले, तसले काही तिथे अजून गरम बघायला मिळते. पण तुलना फार ताणू नये. दख्खनचा लाव्हा भेगांतून, अफाट प्रमाणात आला. बॅरनचा ज्वालामुखी एका भूपट्टाखाली दुसरा सरकताना तयार झालेला.

बॅरनच्या जुन्या नोंदी बघाव्यात. १७८७ साली कोलब्रुक यांनी जहाजावरून धूर पाहिला. १७८९ साली आर्चिबाल्ड ब्लेअर जवळ गेले. पोर्ट ब्लेअरला नाव मिळाले ते यांच्यावरूनच. १८०३-०४ पर्यंत खलाशांच्या नोंदी अधूनमधून मिळतात, मग विरळ होत जातात. १८८४ साली बेटाची मोजणी झाली आणि पुढच्या वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मॅलेट यांनी बॅरन व नारकोंडम या दोन बेटांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा विवरातून नुसती वाफ निघत होती. पुढे मार्च १९९१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि लाव्हा थेट समुद्रापर्यंत गेला. पुस्तके म्हणतात की तो दीडशेच्या आसपास वर्षे झोपला होता. मी ते वाक्य वाचतो तेव्हा थांबतो. जहाज तिकडे गेले की नोंद होते, न गेले की होत नाही. मोठे उद्रेक झाले नाहीत हे मॅलेट यांच्या काळात बेटाच्या रूपावरून दिसत होतेच; पण पाच मिनिटांचे किती लोट उठले आणि विरले, हे कोण सांगणार?

१९९१ नंतर १९९४-९५ मध्ये उद्रेक झाला. मग २६ डिसेंबर २००४ चा प्रचंड भूकंप आणि त्सुनामी, आणि पाच महिन्यांनी, मे २००५ मध्ये, बॅरन पुन्हा सुरू. दोन्हींचा संबंध लावण्याचा मोह आवरत नाही, पण संबंध सिद्ध करायला आधीच्या महिन्यांचे मोजमाप हाती असायला हवे होते. तेव्हापासून तो थांबून थांबून चालूच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन लहान उद्रेकांची बातमी आली.

या पुस्तकातला सर्वांत वाचनीय भाग २०१७ च्या जानेवारीचा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली 'सिंधु संकल्प' जहाजावर होते. ज्वालामुखी पाहायला ते गेलेच नव्हते; बेटाजवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करण्याचे काम चालले होते. २३ जानेवारीला दुपारी बॅरनने अचानक राख फेकायला सुरुवात केली. जहाज मैलभर अंतरावर नेऊन मंडळी पाहत राहिली. एकेक उद्रेक पाचदहा मिनिटांचा. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत. सूर्य मावळल्यावर कळले की राखेबरोबर लाव्हाचे लाल कारंजेही उडते आहे आणि उतारावरून ओघळ खाली येत आहेत. २६ तारखेला दुसऱ्या पथकाने पुन्हा जाऊन पाहिले. आसपासच्या पाण्याच्या आणि गाळाच्या नमुन्यांत कोळशासारखे काळे ज्वालामुखीजन्य कण मिळाले. दिवसा लाल रंग दिसत नाही, ही इतकी साधी गोष्ट. पण दुपारी जवळून गेलेला एखादा कप्तान 'फक्त राख' असे लिहील आणि संध्याकाळचा कप्तान 'लाव्हा' असे लिहील, मग तिसरा माणूस घरी बसून दोन वेगवेगळे उद्रेक मोजेल. नोंदीत वेळही का लिहावी लागते, हे एवढ्यावरून समजावे.

टेहळणीची साधने पुस्तकात विस्ताराने आली आहेत. मी त्यांतल्या अडचणींवर थोडा थांबतो, कारण लेखकांनी तिथे जरा घाई केली आहे. भूकंपमापक ज्वालामुखीच्या पोटातली थरथर टिपतो, खरे; पण चिमुकल्या बेटावर चारी बाजूंनी लाटा आपटतात आणि त्यांची थरथर तितकीच मोठी असते. क्षीण संकेत आणि कलकलाट वेगळे करण्याचे हे काम आमच्या भागाला अनोळखी नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, तीस अँटेना आहेत तिच्या, आणि तिथले खगोलशास्त्रज्ञ आकाशातून येणारा संकेत मोबाइल आणि विजेच्या तारांच्या गोंगाटातून वेचत असतात. गंधकाचा वायू मोजता येतो, पण वारा दिशा बदलतो. जमीन फुगते आहे की बसते आहे हे उपग्रहाच्या रडारवरून कळते. पण रोज नव्हे, उपग्रह फिरून येईल तेव्हा. उष्णता टिपणारे उपग्रह दिवसातून काही वेळा वरून जातात आणि गरम ठिपका दिसला की कळवतात. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन. मात्र मेच्या उत्तरार्धापासून अंदमानावर पावसाचे ढग दाटले की महिनोनमहिने खालचे बेट नीट दिसत नाही. त्या काळात नकाशावर ठिपका नसणे याचा अर्थ 'उद्रेक नाही' असा लावला जातो. खरा अर्थ 'पाहिले नाही' एवढाच. हा फरक करणारा रकाना नोंदवहीत हवा.

विमानांसाठी राखेचा इशारा या भागाला ऑस्ट्रेलियातल्या डार्विन येथील केंद्राकडून मिळतो. राख किती दूर जाते याची आठवण अलीकडेच झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख समुद्र ओलांडून वायव्य भारतावर आली आणि विमाने रद्द झाली. तेव्हा सगळ्यांना राखेत अचानक रस उत्पन्न झाला होता. चार दिवसांत तो आटलाही.

लहान उद्रेकांवर एवढी नजर कशाला, असे विचारणाऱ्यांना पुस्तकातले अनाक क्राकाताउचे प्रकरण वाचायला द्यावे. १८८३ साली क्राकाताउ फुटून त्याचा बहुतेक भाग समुद्रात गडप झाला. त्या जागी १९२७ साली नवा शंकू वर आला, तो अनाक क्राकाताउ, म्हणजे क्राकाताउचे पोर. २०१८ च्या जूनपासून तो किरकोळ स्वरूपात फुटत होता. इंडोनेशियाचे निरीक्षक जावाच्या किनाऱ्यावरून रोज पाहत होते. इशाऱ्याच्या चार पायऱ्यांतली दुसरी पायरी लागू होती. २२ डिसेंबरच्या रात्री डोंगराची नैर्ऋत्येकडची बाजू घसरून समुद्रात गेली आणि उठलेल्या लाटांनी सुंदा सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर चारशेहून अधिक माणसे मारली. त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा मोठ्या भूकंपाची वाट पाहणारी होती. तसा भूकंप झालाच नाही. साधारण ३४० मीटर उंचीचा डोंगर तेव्हा ११० मीटरवर आला. उद्रेक मोठा नव्हता, कोसळणे मोठे होते. सहा महिने उतारावर साचणाऱ्या राखेचे आणि लाव्हाचे वजन किती, उतार कुठे सरकतो आहे, हे मोजण्यासारखे होते. बॅरनचा पाया दोन हजार मीटर खोल पाण्यात आहे हे वर लिहिलेच आहे. तिथल्या उतारांविषयीही असेच प्रश्न विचारले पाहिजेत.

आंबेगाव तालुक्यातल्या वाचकाला हा धडा नवा नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. बाहेर पहिली खबर कळली ती एसटीच्या चालकाकडून. नेहमीच्या वाटेने गाडी घेऊन तो आला आणि त्याला गावच दिसेना. यंत्र नव्हते, पण रोज तिथून जाणारा माणूस होता, काल काय होते हे त्याला ठाऊक होते. तो नसता तर खबर आणखी किती उशिरा आली असती? पण खबर देणे आणि आधी ओळखणे यांत जे अंतर आहे, ते रोजच्या मोजमापानेच भरून निघते. पाऊस किती पडला, भेग किती रुंदावली, झरा गढूळ झाला का. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या माणसाला यातले काहीच अवघड नाही.

आणि दुसऱ्याच कामासाठी चालवलेली वही कधी कशी उपयोगी पडते, याचे उदाहरण मुंबईचे आहे. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाताउ फुटला तेव्हा हवेच्या दाबाची लाट जगभर गेली. कुलाबा वेधशाळेतल्या उपकरणाने ती टिपली. समुद्राची हालचाल भारतीय बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या मापकांवर उमटली आणि मेजर बेअर्ड यांनी पुढच्याच वर्षी त्यावर रॉयल सोसायटीला अहवाल दिला. ही मापके बंदरात जहाजे सुखरूप यावीत म्हणून बसवलेली. जावाजवळच्या ज्वालामुखीचा विचार ती बसवणाऱ्यांच्या स्वप्नातही नसावा. पण ती रोज चालत होती, रविवारीही चालत होती. २७ ऑगस्टला कोणी धावत जाऊन त्यांना चालू केले नव्हते.

इटलीतल्या स्ट्रोंबोलीवर तासाला किती स्फोट झाले हे मोजतात, जपानातल्या साकुराजिमावर वर्षभरातल्या स्फोटांची गणना ठेवतात. बॅरनवर आपण अजून बातमी मोजतो. लेखकांनी उपलब्ध नोंदी एकत्र करून जो तक्ता दिला आहे, त्यात रिकाम्या जागा भरपूर आहेत आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत, हे मला या पुस्तकातले सर्वांत आवडलेले काम. बेटावर कायमची यंत्रे बसवावीत का, या प्रश्नावर मात्र त्यांनी हात आखडता घेतला आहे. उतरायला धड जागा नाही, खाऱ्या हवेत धातू गंजतो, बॅटऱ्या बदलायला वर्षभर माणूस फिरकेल याची शाश्वती नाही, आणि सगळे नीट जमले तर लाव्हा येऊन ते गिळेल. हे सगळे खरे असूनही माझे मत बसवावीत असेच आहे. यंत्र दोन वर्षांत गेले तरी दोन वर्षांची नोंद मिळते, आणि ढगांच्या पाच महिन्यांत दुसरे काहीच मिळत नसते.

वाचकाने सुरुवात चौथ्या प्रकरणापासून केली तरी चालेल, जहाजावरची ती दुपार तिथे आहे. वायूंचे प्रकरण जड आहे. आकडे सोडून नुसत्या आकृत्या पाहिल्या तरी पुढचे अडत नाही. बोरीचे प्रकरण शेवटी टाकले आहे. आमच्या भागातल्या शिक्षकांनी ते वर्गात नेण्यापूर्वी, उन्हाळ्यात पाणी कमी असताना, एकदा कुकडीच्या पात्रात उतरून यावे, आणि ढेकूळ उचलून आणू नये, तो पट्टा तिथेच राहू द्यावा. अजून त्याच्यावर काम व्हायचे आहे.